रय्याने वळवलेली पानं

रोज सकाळी रय्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागायची.

उन्हं भिंतीवरून अंगणात उतरू लागली की आम्ही बायका कुणाच्या ना कुणाच्या घरी जमायचो. मध्ये खजुराची परात, भोवती आम्ही. रय्या सगळ्यांत शेवटी यायची, पाटातून चालत, चपला हातात आणि पाय ओले. टेकली की जी कुणी शेजारी असेल तिच्यापुढे हात करायची. "दे जरा." मग त्या परक्या फोनवर एकेक अक्षर दाबत ती कुठला तरी जुना पत्ता लिहायची. पान उघडेपर्यंत ओठ मुडपून थांबायची. उघडलं की मान हलवायची, फोन ओढणीला पुसून परत द्यायची आणि मग खजुराला हात घालायची. एखाद्या दिवशी मान हलायची नाही. त्या दिवशी ती काही न खाताच उठून घरी जायची.

"तुझ्या फोनला वाळवी लागली का गं?" कुणीतरी विचारायचंच.

"माझा फोन माझ्या आईसारखा आहे," ती म्हणायची. "मला बरं वाटेल तेच सांगतो."

यावर तिची आईच सगळ्यांत मोठ्याने हसायची.

रय्या बिन्त मुहन्ना मस्कतला एका कंपनीत वेबसाइटची कामं करत होती. आईचे गुडघे गेले तेव्हा ती आमच्या गावी, हैल सिद्रला परत आली, आणि मग राहिलीच. लग्नाची बोलणी यायची, ती ऐकून घ्यायची, पाहुण्यांना खजूर वाढायची आणि पाहुणे गेले की वर जाऊन कामाला बसायची. खजुराच्या कोठीवरची खोली तिची. जुन्या लाकडी पेटीवर लॅपटॉप, पेटीचे पितळी खिळे तिच्या मनगटांनी घासून चकचकीत झालेले. खिडकीखालून फलजचा पाट वाहायचा. डोंगराच्या पोटातून निघून घराघरांशी थांबत बागांत उतरणारा.

तिची गिऱ्हाइकं छोटी माणसं. बहल्याचा एक हलवा करणारा, बायकांना गाडी शिकवणारी एक बाई, गावची शाळा. ती नवी पानं करायची, पण तिला खरी गोडी होती ती जुन्या पानांची. कुणाची वेबसाइट बदलते, पानं नव्या जागी जातात, पण जुने पत्ते लोकांजवळ राहूनच जातात. हलव्याच्या डब्यांवर छापलेले, दिनदर्शिकेवर, मुलाने परदेशातून येऊन आजीच्या फोनमध्ये ठेवून दिलेले. त्या जुन्या पत्त्यावर कुणी आलं तर त्याला हाताला धरून नव्या पानावर पोचवायचं, हे काम ती करायची. त्याला ती पान वळवणं म्हणायची, आपण पाणी वळवतो तसं.

"घर सोडलं तरी जुन्या दारात कुणीतरी बसून राहायला हवं," ती मला एकदा म्हणाली. "ती मी. पगार थोडा, पण बसूनच काम आहे."

वळवायच्या दोन रीती असतात. एक म्हणजे पूर्ण पत्ता लिहायचा. वेबसाइटच्या नावापासून सुरुवात करून थेट त्या पानापर्यंत. वाचणारा कुठेही उभा असो, तो तिथेच पोचणार. दुसरी रीत थोडक्यात सांगायची: इथून शेजारच्या पानावर जा. हा पत्ता आखूड, सुटसुटीत, पण तो उभ्या असलेल्या जागेवरून मोजायचा. रय्याला दुसरी रीत आवडायची. ती आधी सगळं आपल्या लॅपटॉपवर करून बघायची आणि मग वेबसाइटवर चढवायची. पूर्ण पत्ता लिहिला की लॅपटॉपवरचं पान टुणकन उडी मारून खऱ्या वेबसाइटवर जाऊन पडायचं आणि तिचं तपासणं राहून जायचं. 'शेजारी' लिहिलं की दोन्हीकडे चालायचं.

शिवाय ती आमच्या गावची होती. आमच्याकडे पूर्ण पत्ता कुणी सांगत नाही. नगरपालिकेने घराघरांवर निळ्या आकड्यांच्या पाट्या ठोकल्यात, पण आपल्या दारावर कोणता आकडा आहे हे विचारलं तर माणसाला बाहेर जाऊन बघावं लागतं. रय्याचं घर मशिदीच्या खाली, उम्म मुबारकच्या वर. उम्म मुबारकचं घर रय्याच्या खाली. एवढ्यावर आमचं सगळं टपाल पोचतं. पाण्याचंही तसंच. तुमची पाणीपाळी कधी असं विचारलं तर कुणी घड्याळ बघत नाही. "मी खमीसच्या मागे," उम्म मुबारक म्हणायची. रय्याच्या घरची पाळी उम्म मुबारकच्या मागे. वरच्या बागेतल्या खमीसने पाटाचं दारं बंद केलं की उम्म मुबारकने उघडायचं, तिने बंद केलं की मुहन्नाच्या, म्हणजे रय्याच्या वडिलांच्या बागेने.

पाळ्या लावायचं काम हारिथ बिन सुलेमान करायचा, आमचा पाटकरी. वयाने मोठा म्हणून सगळे त्याला वालिद म्हणायचे, बापाच्या जागी मानून. पूर्वी तो सबल्याच्या, म्हणजे बैठकीच्या घराच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूने पाळ्या लिहायचा. रय्याने त्याला वेबसाइट करून दिली. प्रत्येक बागेचं एक पान, आणि प्रत्येक बागेच्या दाराशी एक छोटी पत्र्याची पाटी, तिच्यावर चौकोनी ठिपक्यांची खूण. फोन समोर धरला की आपल्या बागेचं पान उघडायचं. हारिथने फळा पुसून बकऱ्यांच्या गोठ्याला आडवा लावून टाकला.

त्यानंतर दुसऱ्याच वर्षी उन्हाळ्यात फलजचं पाणी बारीक झालं. पाटात हात घातला तर मनगट भिजायचं, कोपर नाही. हारिथने पाळ्या नव्याने लावल्या. संध्याकाळच्या काही पाळ्या पहाटेवर गेल्या, उम्म मुबारकचीही. आता सतत बदल होणार, तर प्रत्येक बागेचं पान वेगळं कशाला, म्हणून रय्याने सगळ्या पाळ्या एकाच पानावर आणल्या. त्याचं नाव दौर, म्हणजे पाळ्यांचा फेरा. मग जुनी पानं तिने दौरवर वळवली. सगळीकडे एकच ओळ: शेजारच्या दौरवर जा. आपल्या फोनवर उघडून पाहिलं. नीट उघडलं. ती खाली आली आणि आईच्या गुडघ्यांना तेल लावायला बसली.

उम्म मुबारक म्हणजे मुबारकची आई, तिचं खरं नाव नस्रा. नवरा वारलेला, मुलगा मुबारक सैन्यात, दूर दक्षिणेला. तिची बाग म्हणजे थोडी खजुराची झाडं आणि लिंबं. जुनी लिंबाची झाडं रोगाने गेली होती. पानांचे झुपके होत होत एकेक झाड काडी झालं आणि तिने ती आपल्या हाताने तोडून जाळली. मग कुठून तरी रोगाला न बधणारी कलमं आणून लावली. तिसरा उन्हाळा होता. रोपं कमरेएवढी झाली होती आणि त्या वर्षी पहिल्यांदा फुलली होती. खजुराचं झाड पाण्यावाचून रागावतं पण उभं राहतं. लिंबाची मुळं वर-वरच असतात. त्या उन्हात त्याची एक पाळी चुकली तर पुढच्या पाळीला पाणी घालायला झाड उरत नाही. हे ती प्रत्येकाला सांगायची, न विचारताही.

एरवी तिला पाटीची गरज नसायची. खमीसचं दारं कधी उघडतं ते ती ऐकायची. पण त्या आठवड्यात खमीस घरच्यांना घेऊन सलालाला थंड हवेत गेला होता आणि आपली पाळी पाटाच्या वरच्या टोकाला कुणाशी तरी बदलून गेला होता. ऐकायला दारं नव्हतं. म्हणून तिने पाटीपुढे फोन धरला. पाटीने सांगितलं, संध्याकाळी.

असरच्या, उतरत्या दुपारच्या नमाजानंतर मी आणि रय्या बागांमधून येत होतो. उम्म मुबारक आपल्या दाराशी फावडं टेकून उभी होती. सगळी आळी तिने नव्याने कोरून ठेवली होती, माती भुरभुरीत, कडा थापटलेल्या.

"काय गं, पाणी वरती अडलंय का?" तिने विचारलं. "माझी वेळ झाली की."

रय्या थांबली. "तुमची पाळी पहाटे होती, उम्म मुबारक."

"पहाटे कशी? पाटीने सांगितलं संध्याकाळी. तुझीच पाटी आहे ना? का खमीसने बदलली जाताना?"

"फोन बघू."

उम्म मुबारकने ओढणीच्या गाठीतून फोन काढला. रय्याने तो पाटीपुढे धरला. पान उघडलं. वर दौर असं लिहिलं होतं, खाली उम्म मुबारकचं नाव, आणि संध्याकाळ. रय्या ते पान वर-खाली सरकवत राहिली. मग म्हणाली, "हे हिवाळ्याचं आहे."

"कसलं हिवाळ्याचं?"

रय्या पाटाच्या काठावर बसली. तिने जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. फलजची वेबसाइट तिने घरासारखी बांधली होती. बाहेरच्या खोलीत वरच्या पाटाचं पान आणि खालच्या पाटाचं पान. नवं दौर तिने त्यांच्याच शेजारी ठेवलं. बागांची पानं मात्र आतल्या खोलीत होती. बाहेरच्या खोलीत उभं राहून शेजारच्या दौरवर जा म्हटलं की नवं पान यायचं. रय्याने आपल्या फोनवर तपासलं होतं ते बाहेरच्या खोलीतून. पण खालच्या पाटाच्या आतल्या खोलीतही दौर नावाचं एक पान होतं, गेल्या हिवाळ्यात करून पाहिलेलं आणि तसंच पडून राहिलेलं. बागेच्या पाटीवरून येणारा आतल्या खोलीत उभा असतो. त्याचा शेजारी तो जुना कागद.

"मी शेजारी लिहिलं," रय्या म्हणाली. "कुणाच्या शेजारी ते लिहिलं नाही."

खालच्या पाटाची बाकीची माणसं एकमेकांची दारं बघून पाणी घेत होती. पाटी वाचणारी एकटी उम्म मुबारक.

उम्म मुबारकला खोल्यांचं काही कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मग माझं पाणी गेलं कुठे?"

तिच्या बागेच्या खाली मुहन्नाची बाग, रय्याची. तिथल्या खजुरांखाली जमीन काळीभोर ओली दिसत होती. लसूणघासाचे वाफे तुडुंब भरून कडेने पाझरत होते.

उम्म मुबारकने तिकडे पाहिलं, रय्याकडे पाहिलं आणि फावडं उचललं. "बादलीने घालते घरचं नळाचं," ती म्हणाली. पाट समोरून वाहत होता. दुसऱ्या कुणाच्या पाळीचं पाणी. त्यातून घरात प्यायला हंडा भरता येतो. झाडाला तांब्याभरही नाही. तिने तिकडे बघितलंही नाही.

घरी रय्याचा भाऊ यारुब ओट्यावर पाय धूत होता. "आज पाटाला काय जोर होता!" तो म्हणाला. "घास नुसता प्यायला पाणी. आपली वेळ व्हायच्या आधीच खळखळत आलं."

"ते आपलं नव्हतं," रय्या म्हणाली. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आपली पुढची पाळी सोडावी लागेल."

"का म्हणून? खजूर रंगावर आलाय. पाणी वाहत आलं, माझं दारं उघडं होतं, आलं ते घेतलं. मी काय चोरी केली?"

आतून त्यांची आई म्हणाली, "चोरी कोण म्हणालं? पहिल्यांदा तूच म्हणालास."

"उम्मी, तू मध्ये पडू नको."

"मी पडले नाही, बसलेय. गुडघे तुझ्या बहिणीच्या पानांसारखेच आहेत, कुठे वळतील सांगता येत नाही." मग म्हणाली, "गाडी काढ. तिला हारिथकडे सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी हारिथची स्वतःची होती. रय्या त्याच संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसली तेव्हा तो दाढी कुरवाळत होता. मी तिच्याबरोबर गेले होते. त्याच्या बायकोने आमच्यापुढे कहवा आणि ओला खजूर ठेवला. रय्याने फिंजान, कहव्याचा छोटा पेला, हातात धरला, पण ओठाला लावला नाही. मागणं मान्य झाल्याशिवाय यजमानाचा कहवा प्यायचा नसतो. हारिथने ते पाहिलं.

"पी. थंड होईल."

"आधी ऐका, वालिद."

"ऐकायचं काय? सबल्यात हेच चाललंय. मुहन्नाच्या पोरीने फोनमधून पाणी वळवलं म्हणे, थेट भावाच्या घासात. मी म्हटलं, एवढं जमत असतं तर आधी माझ्या बागेत आणायला लावलं असतं तिला."

रय्या हसली नाही. "उद्याची तुमची पाळी उम्म मुबारकला द्या. बदल्यात आमची पुढची अख्खी पाळी तुमची."

"माझ्या खलास खजुराला आत्ता रंग चढतोय."

"माहीत आहे."

"पाणी तुटलं की फळ सुरकुततं."

"तुमची झाडं तुमच्या आजोबांनी लावलेली. ती थांबतील. लिंबं नाही थांबणार."

"हे मला सांग! लिंबाचं तर ती मला नमाजाला जातानाही सांगते." बाहेर बकरी फळ्याला अंग घासत होती, त्याचा खरखर आवाज येत होता. "यारुबला विचारलंस?"

"सांगितलंय."

"विचारलंस का, म्हणतो मी."

रय्याने खाली पाहिलं. "तो बाहेर गाडीत आहे."

"यारुब!" हारिथने बसल्या जागेवरून हाक मारली. "गाडी काय पाळायला आणलीस? आत ये."

यारुब आला, दारातच उभा राहिला. टोपी काढून पुन्हा घातली. "घ्या, वालिद," तो म्हणाला. "आमची पुढची पाळी तुम्ही घ्या. नाहीतर घरात मला कुणी जेवायला वाढणार नाही."

"बस मग. इथे जेव." हारिथ रय्याकडे वळला. "उद्या माझ्या जागी उम्म मुबारक. सबल्यात मी सांगतो. आणि हे बघ पोरी, फळा मी पुन्हा भिंतीला लावणार. तुझ्या फोनवर माझा राग नाही. पण फळा जिथे टांगला तिथेच असतो, कुणी कुठूनही बघितला तरी तोच दिसतो."

"लावा," रय्या म्हणाली. "मीच धरते, तुम्ही खिळा ठोका."

आणि ती कहवा प्यायली, गार झालेला, एका घोटात.

पहाटेच्या नमाजानंतर आम्ही उम्म मुबारकच्या बागेत गेलो तेव्हा ती आधीच तिथे होती. रात्रभर तिने घरून डबे आणून घातले होते. मातीवर त्याचे ओले ठसे होते, रोपांच्या बुंध्याशी तळहाताएवढे. पानं आतल्या बाजूला गुंडाळली गेली होती. फुलं गळून आळ्यात पडली होती, वाळली तरी अजून वास येत होता त्यांना.

"हारिथ खरंच देईल?" तिने विचारलं. "त्याचा खलास आहे."

"देईल."

"पाटी काय म्हणते?"

रय्याने वरच्या बाजूला बोट दाखवलं. पाटाच्या वळणावर हारिथ उभा दिसला. त्याने आपल्या बागेच्या दारात दगड आणि चिंधी कोंबून ते बंद केलं, हात वर केला आणि निघून गेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाटातल्या वाळलेल्या पानांची रांग हलली आणि त्यांच्या मागून पाणी आलं, आधी जिभेएवढं, मग पंजाएवढं. उम्म मुबारकने दारं मोडलं. पाणी पहिल्या आळ्यात शिरलं, गोल फिरलं, मातीने एक लांब आवाज केला आणि ते गिळून टाकलं. पुन्हा भरलं. ती एका आळ्यातून दुसऱ्यात पाणी सोडत पुढे सरकत होती, पाय घोट्यापर्यंत चिखलात, तोंडाने लिंबांशी काहीतरी बोलत. यारुबने शेवटच्या वाफ्याचा बांध धरला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

भिंतीलगतचं एक रोप वाचलं नाही. बाकीच्यांनी आठवडाभरात पानं उलगडली. त्या वर्षी फळ धरलं नाही, पण झाडं राहिली.

त्याच सकाळी, चिखल लागलेल्या पायांनीच, रय्या लॅपटॉप घेऊन पाटाच्या काठावर बसली आणि जुन्या पानांवरची एकेक ओळ बदलू लागली. शेजारी हा शब्द काढून तिने सगळीकडे पूर्ण पत्ता लिहिला, वेबसाइटच्या नावापासून थेट दौरपर्यंत. हिवाळ्याचं ते विसरलेलं पानही तिने तिकडेच वळवलं. मग उम्म मुबारकचा फोन मागून घेऊन ती बागांच्या दाराशी गेली, प्रत्येक पाटीपुढे थांबली, बघितलं आणि पुढे गेली. लॅपटॉपवर तपासायला आता त्रास व्हायचा. ती करवादायची, पण सोडलं नाही. दौरच्या आतले दुवे मात्र तिने आखूडच ठेवले.

"घरातल्या घरात शेजारी म्हटलं तर चालतं," तिने मला समजावलं. "आत आलेला माणूस हरवत नाही. पण जो जुन्या दारात येऊन उभा आहे, त्याला आपण कुठे आहोत हेच माहीत नसतं. त्याला सगळं नाव सांगायचं."

त्या दिवसापासून तिला आपल्या फोनचा भरवसा वाटेना. हलव्याच्या डब्यांवरचे पत्ते, शाळेचे, गाडी शिकवणाऱ्या बाईचे, सगळे ती लोकांच्या फोनवरून, लोकांच्या अंगणातून उघडून पाहू लागली.

सबल्याच्या भिंतीवर फळा परत आला. हारिथ खडूने लिहायचा, रय्या दौरवर लिहायची, आणि दोन्हींत फरक सापडला की म्हातारे दिवसभर खूश असायचे. फरक बहुतेक वेळा फळ्यात असायचा. रय्या ते कधी सांगायची नाही. गुपचूप फळ्यावर दुरुस्त करायची आणि हारिथ दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "बघा, जुनं ते पक्कं."

उम्म मुबारक आणि तिच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. माफी मागितल्याचं कुणी ऐकलं नाही. पण पुढच्या वर्षी लिंबं धरली तेव्हा पहिली टोपली रय्याच्या दारात आली, आणि त्यानंतर दर वर्षी आली. रय्याच्या आईला उठवेनासं झालं तेव्हा उम्म मुबारक रोज दुपारी तिच्या उशाशी बसायला येऊ लागली. लिंबं वाळत घातलेली गच्ची दोघींची मिळून एकच झाली. आई गेल्यावर रय्या जेवायला तिच्याकडे जायची, किंवा ती इकडे यायची. कुणी कुणाच्या घरी जेवतंय याचा हिशेब यारुबलाही ठेवता येईना.

गेल्या हिवाळ्यात रय्याला ताप येऊ लागला. आधी ती त्याला थंडी म्हणाली, मग पेटीपुढे फार बसल्याने आलेला शीण म्हणाली. खाणं तुटलं. चेहरा लहान झाला, डोळे तेवढे मोठे राहिले. निझवाच्या डॉक्टरने तपासण्या केल्या आणि मस्कतला न्या म्हणून सांगितलं. निघायच्या सकाळीही ती माझ्या अंगणात आली, माझा फोन मागितला, शाळेचा जुना पत्ता उघडला, मान हलवली.

गाडी पाटाजवळ उभी होती. यारुबने सीट मागे पाडून तिला पुढे बसवलं, पायावर घोंगडी टाकली. उम्म मुबारक कुणी न बोलावताच मागे जाऊन बसली, मांडीवर कहव्याने भरलेली दल्ला, म्हणजे चोचीची किटली, झाकणावर फडकं बांधून. मस्कतचा कहवा तिला चालत नसे. हारिथ काठी टेकत आला, गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला.

मी दार लावून घेत होते. यारुबने गाडी चालू केली, उताराला ती एकदम पुढे हिसकली.

रय्याने डोळे न उघडता हात वर केला.

"हळू चालव रे," ती म्हणाली, "तिच्या मांडीवर कहवा आहे."